पुण्याची सरकती शीव

एखाद्या उपनगराचा इतिहास सांगावयास बसलेला मनुष्य बहुधा जमिनीची आखणी कधी झाली, पहिला बंगला कोणी बांधला, रस्त्यावर दिवे कोणत्या साली लागले, एवढ्या गोष्टींपासून आरंभ करतो. आणि त्यापूर्वी तेथे काय होते असे विचारले, तर ‘शेते होती, माळ होता’ एवढे सांगून शेकडो वर्षांची वासलात लावतो. पुण्यासारख्या शहराच्या बाबतीत ही समजूत दुहेरी चुकीची आहे. ज्याला माळ म्हणून आपण सोडून देतो, तेथे पांढरी आणि काळी, पाटील आणि कुलकर्णी, ग्रामदैवत आणि बलुतेदार यांच्यासह नांदते गाव होते. आणि ज्याला अस्सल, मूळचे पुणे म्हणून आपण अभिमानाने मिरवितो, त्यातील बहुतेक पेठा स्वतःच एके काळी गावाबाहेरच्या नव्या वसाहती होत्या. पुण्याची शीव गेली तीन शतके सारखी सरकत आली आहे, आणि तिच्या प्रत्येक सरकण्यातून एकच गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते: वसाहत आखणे आणि ती नांदती करणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम सरकारच्या हुकुमाने अथवा जमीनमालकाच्या व्यवहाराने होते. दुसरे मात्र पाणी, बाजार, देऊळ, शाळा आणि आपद्धर्म यांची सामाईक जबाबदारी कोणीतरी शिरावर घेतली, म्हणजेच होते.

मूळ पुणे म्हणजे मुठेच्या उजव्या काठावरील कसबा. १६३० साली विजापूरकरांच्या वतीने मुरार जगदेवाने तो उद्ध्वस्त केला आणि त्या भूमीवर गाढवांचा नांगर फिरविला, हे सर्वश्रुत आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार दादोजी कोंडदेवांकडे आल्यावर जिजाबाई व बाल शिवाजी यांच्या वास्तव्याने ही ओसाड पांढरी पुन्हा वसती झाली. सोन्याच्या फाळाचा नांगर फिरविल्याची कथा परंपरेने त्याच पुनर्वसाहतीशी जोडली आहे. परंतु केवळ मंगल विधीने रयत परत येत नाही. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला प्रथम नाममात्र सारा लावावा, तो वर्षानुवर्षे क्रमाने वाढवीत पूर्ण आकारास न्यावा, अशी जी इस्ताव्याची पद्धती मराठी मुलुखात रूढ होती, तिच्या आश्वासनावर कुणबी पुन्हा नांगर धरीत असे. त्या वेळचा कसबा इतका आटोपशीर होता, की आज ऐन बुधवार पेठेच्या गर्दीत असलेली तांबडी जोगेश्वरी तेव्हा वस्तीबाहेरची देवता होती, आणि पूर्वेकडील नागझरीचा ओढा ही गावाची नैसर्गिक मर्यादा होती.

१७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली, आणि पेशव्यांच्या या वास्तव्यामुळे पुणे हे एका विस्तृत सत्तेचे केंद्र बनले. सरदार, कारकून, सावकार, भिक्षुक, कासार, तांबट, साळी, सराफ असे अनेक लोक इकडे येऊ लागले, आणि त्यांना सामावून घेण्यासाठी कसब्याभोवती पेठांमागून पेठा उठू लागल्या. त्यांपैकी काही ठिकाणी पूर्वीच्या वस्त्या होत्याच. शहापूर, मलकापूर, विसापूर, मुर्तजाबाद ही जुनी नावे वारांच्या नावांखाली हळूहळू लोपली. काही पेठा मात्र सर्वस्वी नव्या होत्या. सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ, नारायणरावांच्या नावाची नारायण पेठ, सरदार आनंदराव रास्ते यांनी वसविलेली शिवपुरी म्हणजे आजची रास्ता पेठ, आणि नाना फडणिसांच्या कर्तृत्वाची हनुमंत पेठ म्हणजे आजची नाना पेठ, या सर्व त्या त्या काळच्या उपनगर-वसाहतीच होत. त्यांच्यासाठी भूगोलही बदलावा लागला. आंबिल ओढ्याचा प्रवाह नानासाहेब पेशव्यांच्या काळात वळविला गेला, त्यामुळे शहराच्या नैर्ऋत्येची जमीन वस्तीस मोकळी झाली. आज तेथे राहणाऱ्या फार थोड्या जणांना आपण ओढ्याच्या जुन्या मार्गाजवळ राहतो याची जाणीव असेल.

पेठ वसविण्याची रीत विचार करण्यासारखी आहे. सरकारातून कौल दिला जाई. अमुक जागी पेठ वसवावी, येणाऱ्या उदम्यांस ठराविक मुदतीपर्यंत जकात व मोहतर्फा यांची माफी अथवा सवलत मिळेल, घरांस जागा दिली जाईल, अशा स्वरूपाची अभयवचने त्यात असत. ही वसाहत प्रत्यक्षात आणण्यासाठी शेटे आणि महाजन नेमले जात. त्यांना वतनाचे हक्क-लाजिमे आणि मानपान मिळत. परंतु त्याच्या बदल्यात बाहेरगावचे व्यापारी व कारागीर बोलावून आणणे, त्यांना दुकानांच्या जागा वाटून देणे, वजनेमापे व व्यवहार यांवर नजर ठेवणे, तंटा उपस्थित झाल्यास तो मिटविणे आणि सरकारचे येणे पोहोचविणे, एवढी जोखीम त्यांच्यावर असे. पेठ ओस पडली तर शेट्यांच्या हक्कालाही अर्थ उरत नसे. वसाहत करणाराचे हित आणि वसाहतीत राहणाराचे हित अशा रीतीने एकाच दाव्याला बांधलेले होते. आजच्या जमीन-विकासाच्या व्यवहारात विकणारा विक्री संपताच मोकळा होतो आणि राहणारा मागे एकटा उरतो. त्याच्याशी ही जुनी पद्धती ताडून पाहिली, म्हणजे तिच्यातील शहाणपण ध्यानी येते. या सर्व पेठांवर कोतवालाची चावडी होती. रस्त्यांची देखरेख, बंदोबस्त, घरजागांच्या खरेदीविक्रीची नोंद, येणाऱ्याजाणाऱ्यांची दखल ही त्याची कामे. आणि सत्ता निरंकुश झाली म्हणजे त्याच चावडीचा केवढा जुलूम होतो, हे १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या शोकपर्यवसायी अंताने पुण्याला कायमचे शिकविले.

परंतु माफीने माणसे येतात, टिकतात ती पाण्याने. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यास जे पाणी आणले, ते या शहराच्या वाढीचे खरे अधिष्ठान होय. डोंगराच्या कुशीत बंधारा घालून साठविलेले पाणी दगडचुन्याच्या भूमिगत नळातून, केवळ जमिनीच्या उताराच्या बळावर, कोसांचे अंतर काटून शहरात येई. मार्गात ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले असत. वरून पाहिले तर साधी, चौथऱ्याची दगडी विहीर. आत डोकावले तर तळाशी संथपणे सरकणारे पाणी. या उच्छ्वासांत पाण्यातील गाळ खाली बसे, नळात कोंडलेली हवा मोकळी होई, आणि सफाईसाठी मनुष्यास आत उतरताही येई. तेथून ते पाणी पेठापेठांतील हौदांत पडे. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या पत्त्यांत अद्याप टिकून आहेत. ज्या चौकात हौद, त्या चौकात बाजार, त्या चौकात गाठीभेटी, आणि त्याच चौकात पेठेचे लोकमत, असा तो क्रम होता.

मात्र या हौदांची स्तुती करताना त्यांच्या काठावर उभे राहण्याचा अधिकार सर्वांना नव्हता, हे लपविणे इतिहासाशी प्रतारणा होईल. पेठांची रचना जातींच्या आणि व्यवसायांच्या आळ्यांनी झाली होती, आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाने ज्या शहराची सेवा केली त्याच शहराच्या पाण्याला स्पर्श करणे त्याला निषिद्ध होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली गंज पेठेतील आपल्या घरचा हौद या बांधवांसाठी खुला केला. नळ बांधणाऱ्यांनी पुण्यात पाणी आणले. ते सर्वांचे असले पाहिजे, हा धर्म पुण्याला फुल्यांनी सांगितला. वसाहतीचे गाव होणे म्हणजे काय, याची याहून स्पष्ट कसोटी मला दुसरी दिसत नाही.

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि राज्य बुडाले. पेशव्यांचे दरबारी वैभव मावळताच त्यावर पोसलेली पेठांतील पुष्कळ वस्ती पांगली, आणि शहराची शीव काही काळ सरकावयाची थांबली. तिच्या पूर्वेस व वायव्येस इंग्रजांच्या लष्करी छावण्या उठल्या. पुण्याचे लष्कर आणि खडकी ही खरोखर वेगळ्याच धर्तीची उपनगरे होती. त्यांचे कायदे, रस्ते व बाजार शहराहून भिन्न, आणि शहराशी त्यांचा संबंध पुरवठ्याचा व चाकरीचा. १८५७ साली शहरास नगरपालिका मिळाली, पुढल्याच वर्षी आगगाडी आली, आणि नव्या शिक्षणाने व कचेऱ्यांनी पुन्हा एकवार माणसांना पुण्याकडे ओढून घेतले.

या सर्व काळात शिवेपलीकडची गावे कोठे होती? ती होतीच, आणि त्यांच्यावाचून शहराचे एक दिवसही चालत नव्हते. भांबुर्डे, एरंडवणे, कोथरूड, हिंगणे, पर्वती, वानवडी, हडपसर, मुंढवा ही हवेली तालुक्यातील गावे शहराला भाजी, दूध, वैरण आणि मजुरी पुरवीत. खडकवासल्याचे धरण झाले आणि मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी हडपसर-मांजरीकडे पोहोचले, तेव्हा त्या जिराईत शिवारात ऊस आणि भाजीपाल्याचे मळे उभे राहिले. १८८६ साली सुरू झालेल्या मंडईत पहाटे ज्या बैलगाड्या येऊन लागत, त्या याच गावांतून निघत असत. आषाढीच्या वारीची वाट तर या सगळ्या उपनगरांहून जुनी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेत मुक्कामास असते. पुढे माउलींची पालखी हडपसरवरून दिवे घाटाकडे जाते, आणि तुकोबांची लोणी काळभोरच्या वाटेस लागते. हडपसरच्या ज्या रस्त्यावर आज कचेऱ्यांकडे धावणाऱ्या वाहनांची रांग लागते, त्याच रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी वारकऱ्यांना भाकरी वाढली आहे. या गावांची आणि शहराची ओळख उपनगरे झाल्यावर झाली नाही; ती फार जुनी आहे.

नदीपलीकडे सुशिक्षित पुणेकरांना नेण्याचे काम प्रथम दोन गोष्टींनी केले: विद्येने आणि प्लेगने. १८८५ साली स्थापन झालेले फर्ग्युसन कॉलेज पेठेतील वाड्यांतून बाहेर पडून भांबुर्ड्याच्या माळावर गेले, तेव्हा लकडी पुलापलीकडे सायंकाळनंतर कोणी जात नसे. १८९६-९७ च्या प्लेगने दाट वस्तीच्या वाड्यांत हाहाकार उडविला. घरे सोडून लोक माळामाळांवर झोपड्या घालून राहिले, आणि मोकळी हवा ही चैन नसून प्राणरक्षणाचे साधन आहे, असा धडा शहराला मिळाला.

याच सुमारास एका मनुष्याने केवळ आपल्या चिकाटीने शिवेपलीकडची एक जागा महाराष्ट्राच्या नकाशावर आणली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला होता. शहरातील प्लेग आणि त्याहूनही जहाल असा लोकापवाद यांमुळे आश्रमास दूरची जागा हवी होती. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची आपली सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली आश्रम तेथे एका साध्या झोपडीत गेला. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत; शिकविणे आटोपले म्हणजे आश्रमास लागणारे सामान बरोबर घेऊन चिखलातून, काट्याकुट्यांतून, सुमारे चार मैलांची ती वाट ते पायी तुडवीत. पुढे तेथे महिला विद्यालय निघाले, आणि १९१६ साली भारतातील पहिल्या महिला विद्यापीठाचा आरंभ झाला. आज त्या वाटेला कर्वे रोड म्हणतात आणि हिंगणे बुद्रुक कर्वेनगर म्हणून ओळखले जाते. कर्व्यांनी घरजागा विकण्यासाठी वसाहत केली नव्हती; निराधार स्त्रियांना निर्भयपणे राहता यावे म्हणून एक झोपडी बांधली होती, आणि रस्ता तिच्या मागून आला.

लकडी पुलापलीकडील वाढीचे हेच वैशिष्ट्य आहे. १९०५ साली नामदार गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे राहिले. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून येऊन एरंडवण्याच्या बाजूस स्थिरावली. १९०६ साली खेळांसाठी निघालेल्या डेक्कन जिमखाना या संस्थेने तर आपले नाव संपूर्ण वसाहतीस दिले. संस्था आधी आणि घरे मागाहून, असा येथील क्रम होता. म्हणून या भागात राहावयास आलेल्या निवृत्त अधिकाऱ्याला, प्राध्यापकाला, वकिलाला आपल्या घराच्या फाटकाबाहेरही आपले काहीतरी आहे असे वाटे. १९१५ च्या नगररचना अधिनियमाने वेड्यावाकड्या शेतांचे तुकडे एकत्र करून, रस्त्यांना जागा सोडून, नव्याने भूखंड पाडून देण्याची व्यवस्था केली, आणि सहकारी गृहरचनेने मध्यमवर्गास त्यावर घर बांधण्याचे बळ दिले. कायदा, सहकार आणि संस्था यांचा हा संगम फलदायी ठरला. तरी याच आखणीत ज्यांची शेते भूखंड झाली, त्या कुणब्यांची आणि त्यांच्या सालदारांची बाजू कोठे लिहून ठेवलेली नाही, ही उणीव मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे शहर नगरपालिका आणि पुणे उपनगर नगरपालिका यांच्या एकीकरणातून महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि कागदोपत्री तरी ‘शहर’ व ‘उपनगर’ हा भेद मिटला. मनांतील भेद मिटविला तो मात्र एका भयंकर आपत्तीने. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही, आणि मुठेच्या काठावरील नारायण, शनिवार, कसबा, सोमवार या पेठांतील वाडे पाण्याखाली जाऊन मातीचे ढिगारे झाले. पिढीजात वाडा सोडून नदीपलीकडे जाणे ज्यांना देशांतरासारखे वाटत होते, ती कुटुंबे एका दिवसात निराधार झाली. त्यांच्यासाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, दत्तवाडी, सहकारनगर, पर्वतीचा पायथा, कोथरूड अशा ठिकाणी वसाहती उठल्या. गोखलेनगरातील निसन हट, म्हणजे पत्र्याच्या अर्धगोल छपराची ती बैठी घरे, ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या वसाहतीचा आरंभ कसा झाला हे निराळे सांगावयास नको. उन्हाळ्यात ती तापत, पावसाळ्यात त्यांवर सरींचा असा आवाज होई की घरातल्या घरात बोलणे ऐकू येऊ नये. आणि तरी त्यांच्या दारांत तुळशी लागल्या, गणेशोत्सव मंडळे निघाली, बालवाड्या भरल्या. पूरग्रस्तांच्या सोसायट्यांनी हप्ते फेडीत घरे उभी केली. सामाईक दुःखाने आलेली माणसे सामाईक कामाने तेथे रुजली. पेशवाईतील कौलाने जे साधले ते येथे परस्परांच्या आधाराने साधले.

यापुढचा वेग थक्क करणारा आहे. पिंपरीत १९५४ साली पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला आणि त्याच्या मागोमाग आलेल्या उद्योगांनी पिंपरी-चिंचवडला निराळे शहरच बनविले. पुण्याच्या महानगरपालिकेत १९९७ साली ३८ गावे घेतली गेली, त्यांतील काही पुढे वगळलीही गेली. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावांचा समावेश झाला. एकेका अधिसूचनेने एकेक गाव शहर होते. ग्रामपंचायतीचे दप्तर बांधून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाते, सरपंचाचे पद नष्ट होते, कर वाढतो, आणि पाण्याचा नळ मात्र मागाहून, पुष्कळदा फार मागाहून येतो. दोहों बाजूंना उंच इमारती, मधे दाटीवाटीचे गावठाण, त्यात भैरवनाथाचे अथवा मारुतीचे देऊळ आणि समोर पार, हे चित्र कोथरूडपासून वडगाव धायरीपर्यंत सर्वत्र दिसते. वर्षातून एकदा यात्रा भरते. छबिना निघतो, कुस्त्यांचा फड रंगतो, नोकरीधंद्यासाठी पांगलेली भावकी एकत्र येते. त्या दिवशी इमारतींतील कित्येक रहिवासी खिडकीतून ढोलांचा आवाज ऐकतात. हा उत्सव आपण राहतो त्या गावाचा आहे आणि म्हणून आपलाही आहे, असे त्यांच्या मनात येत नाही. गावकरीही त्यांना ‘सोसायटीवाले’ म्हणून बाजूला ठेवतात. एकाच शिवारात दोन समाज पाठीला पाठ लावून राहतात, आणि टँकरची वाट पाहण्यापलीकडे त्यांच्यात सामाईक असे काही उरत नाही.

ही स्थिती अटळ आहे असे मला वाटत नाही. कारण पुण्याचाच इतिहास तिच्या विरुद्ध साक्ष देतो. सदाशिव पेठ ही एके काळी उपरी होती आणि रास्ता पेठ सरदाराची नवी वसाहत होती; शेट्यामहाजनांच्या जोखमीने, हौदांच्या पाण्याने आणि दोन-तीन पिढ्यांच्या सहवासाने ती पुणे झाली. हिंगणे एका आश्रमाने मोठे झाले, डेक्कन एका क्रीडासंस्थेने, गोखलेनगर पूरग्रस्तांच्या सहकार्याने. जेथे अशी संस्था निर्माण झाली नाही, तेथे इमारती कितीही भव्य असोत, वसाहत ती वसाहतच राहिली.

म्हणून वाढत्या उपनगरांत राहणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित माणसाला माझे आग्रहाचे सांगणे आहे, की त्याने आपल्या गावाचा इतिहास लिहावयास घ्यावा, आणि तो गावकऱ्यांच्या सोबतीने लिहावा. साधने दूर नाहीत. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात हवेलीच्या गावांचे कागद आहेत. तलाठ्याच्या दप्तरात फेरफार आणि सातबारा आहेत. देवस्थानांच्या इनामांच्या सनदा पुजाऱ्यांच्या घरी आहेत. ग्रामपंचायतींचे ठराव आणि सोसायट्यांची इतिवृत्ते गठ्ठ्यांत पडून आहेत. आणि विहिरी कोणी खोदल्या, कालवा आला तेव्हा काय झाले, जमीन कोणत्या भावाने गेली आणि पैशांचे पुढे काय झाले, हे सांगणारी वृद्ध माणसे अजून पारावर बसतात. कागद वाचणारा इमारतीत राहतो आणि कागदांतील नावे ओळखणारा गावठाणात राहतो. दोघे एकत्र बसल्यावाचून हे काम व्हावयाचे नाही. शाळांनी ते मुलांकडून करवावे, ग्रंथालयांनी त्याच्या प्रती जपाव्यात, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांनी समाविष्ट गावांची जुनी दप्तरे रद्दीत जाऊ न देता अभ्यासकांना खुली करावीत. आपला गाव ज्यांना ठाऊक असतो, ते त्याचा ओढा बुजू देत नाहीत, त्याची टेकडी विकू देत नाहीत आणि त्याच्या शाळेकडे पाठ फिरवीत नाहीत. पुण्याची शीव उद्या याहूनही पुढे जाईल. ती जेथे जाईल तेथे आधीपासून एक गाव असेल, आणि त्या गावाशी आपण कसे वागतो यावरच पुढचे पुणे शहर म्हणविण्यास पात्र ठरेल की नाही, हे ठरणार आहे.